नाव राजाचं, नाक मादीचं

मी एक म्हातारी मादी आहे, मित्रांनो, आणि माझं नाव राजा आहे.

हसलात ना? हसा. अणदूरची आमची सगळी आळी यावर पोटभर हसून झाली आहे, तुम्हीच तेवढे राहिला होतात. जातीनं मी बजरीगर, पण आमच्याकडच्या बाजारात आम्हाला सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात. अंग हिरवं, डोकं पिवळं, पाठीवर काळ्या रेघा आणि शेपूट निळी. मला सात वर्षं झाली. आमच्या जातीत हे वय म्हणजे उन्हाला बसून डुलक्या घेण्याचं वय. पंखांत पूर्वीचा जोर राहिलेला नाही. पण चोच अजून शाबूत आहे, आणि माझ्या नावाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म सोलापुरातला. एका दुकानाच्या मागच्या खोलीत टांगलेल्या मडक्यात आम्ही पाच भावंडं अंड्यातून बाहेर आलो. आईचं अंग गरम असायचं आणि मडक्याच्या भोकातून उजेडाचा एक गोल आमच्यावर पडायचा. एवढंच मला तिथलं आठवतं. पंख फुटले तसं आम्हाला दुकानाच्या पुढच्या पिंजऱ्यात आणलं गेलं आणि चार-आठ दिवसांतच माझं गिऱ्हाईक आलं.

ते गिऱ्हाईक म्हणजे सुरज. खाकी कपड्यातला, गळ्यात तिकिटाचं यंत्र अडकवलेला एस.टी.चा कंडक्टर. त्याच्या लेकीला, म्हणजे अक्षदाला, बोलणारं पाखरू हवं होतं.

“नर द्या,” तो म्हणाला. “नर लौकर बोलतो म्हणं.”

दुकानदाराला जेवायला जायची घाई होती. त्यानं पिंजऱ्यावरून एक नजर फिरवली, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, “हा घ्या. नाक निळं आहे. निळं नाक म्हणजे नर. सहा महिन्यांत बोलेल.”

आमच्या चोचीच्या वर मऊ पट्टा असतो, त्याला तुम्ही माणसं नाक म्हणता. माझं नाक तेव्हा फिक्कट होतं, निळसर पांढरं, आणि नाकपुड्यांभोवती दोन पांढरी कडी होती. माझ्या कपाळावरच्या काळ्या रेघा पार नाकापर्यंत उतरलेल्या होत्या आणि डोळे नुसते काळेभोर होते. जाणत्या माणसानं एवढं पाहिलं असतं, तर तो म्हणाला असता, हे अजून पोर आहे, आणि ही पांढरी कडी आहेत म्हणजे बहुतेक मादीच आहे. पण जेवायच्या वेळी जाणतं कोण असतं? मी राजा झाले ती अशी.

सोलापूर-उमरगा गाडीत कंडक्टरच्या बाकावर पिंजरा ठेवून सुरजनं मला अणदूरला आणलं. त्या रविवारी अक्षदानं माझं बारसं केलं. शेजारच्या पोरी जमल्या, गूळ-खोबरं वाटलं, आणि माझ्या कानात, म्हणजे जिथं तिला माझा कान वाटला तिथं, तिनं ‘राजा’ म्हणून कुर्रर्र केलं. मला ते नाव आवडलं. राजाचा थाट आपल्याला शोभतो असंच मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

घरात माणसं चार. सुरज, त्याची बायको दैवशाला, दहा वर्षांची अक्षदा आणि सुरजची आई नागूबाई. नागूबाईचा सारा जन्म मेंढरांमागं गेलेला. गुडघे थकले तशी मेंढरं विकली आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन शेळ्या राहिल्या. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिला माणसं सावल्यांसारखी दिसायची. ऑपरेशनचं नाव काढलं की ती उठून शेळ्यांकडं जायची.

“डोळ्याला सुई लावू देनार न्हाय म्या,” ती म्हणायची. “हाय त्ये दिसतंय लई.”

माझ्याकडं मात्र ती फिरकायची नाही. पिंजऱ्यातलं पाखरू तिला आवडत नव्हतं. माझा पिंजरा पुढच्या खोलीत खिडकीशी आणि तिचा मुक्काम मागच्या अंगणात, अशा आम्ही दोघी एका छताखाली राहून अनोळखी होतो.

शाळा सुटली की अक्षदा पिंजऱ्यापुढं उभी राहायची. “म्हण राजा, येळकोट. येळकोट येळकोट, जय मल्हार.” रोज शंभरदा तरी. मी तिच्याकडं बघायचे, ती माझ्याकडं बघायची. सुरज कामावरून आला की तोही शिकवायला बसायचा. मला त्यांचं मन मोडायचं नव्हतं, पण माझ्या गळ्यातून ‘चर्र’ याच्यापुढं काही निघेना. आमच्यातले नर गप्पिष्ट असतात, त्यांना सूर आणि शब्द उचलायची हौस असते. आम्हा माद्यांचा जीव चोचीच्या कामात असतो. कुरतडायला द्या, आम्ही खूश.

पाच-सहा महिन्यांत माझ्या कपाळावरच्या रेघा मागं सरल्या, डोळ्यांभोवती पांढरं वर्तुळ आलं आणि माझं नाक हळूहळू बदामी व्हायला लागलं. पुढं ते चांगलं तपकिरी झालं, वर खरखरीत. कुणालाही कळावं इतकं ते स्पष्ट होतं. पण मित्रांनो, हे अणदूर आहे. इथं खंडोबाचं देऊळ आहे, आणि दर रविवारी देवळातून येताना घरातलं प्रत्येक माणूस भंडारा घेऊन यायचं. कपाळाला लावायचं, उंबऱ्याला लावायचं, शेळ्यांना लावायचं आणि जाता जाता पिंजऱ्यावरही चिमूटभर उधळायचं. त्यामुळं माझं नाक बदललेलं दिसलं तेव्हा दैवशाला काय म्हणाली असेल?

“अक्षदे, किती भंडारा टाकतीस त्याच्या अंगावर? सगळा नाकाला चिकटून वाळलाय बघ.”

मग ओलं फडकं आलं. दर सोमवारी सकाळी मला मुठीत धरून माझं नाक पुसलं जायचं. ते पुसून जायचं नाही, आणि मी चावायची. दैवशालाच्या बोटांवर माझ्या चोचीच्या खुणा उमटायच्या आणि राजा रागीट आहे अशी माझी ख्याती आळीभर झाली. एवढं होऊनही तिनं माझा राग धरला नाही. पुसून झालं की ती मला कोथिंबिरीची काडी द्यायची.

“एकलं हाय म्हणून चिडकं झालंय,” सुरजनं शेवटी निदान केलं. “त्याला बायकू आणू.”

अशी राणी आली. डोक्यापासून शेपटीपर्यंत हळदीसारखी पिवळी, लाल डोळ्यांची आणि गुलाबी नाकाची. त्याच दुकानातली. दुकानदार या वेळी म्हणाला होता, “गुलाबी नाक, मादीच आहे.” बहुतेक तेव्हाही त्याची जेवायची वेळ झालेली असावी. अक्षदानं आमचं लग्न लावलं. अंतरपाट म्हणून सुरजचा रुमाल धरला, अक्षता टाकल्या, आणि पाहुणे गेल्यावर त्या अक्षता आम्ही दोघांनी वेचून खाल्ल्या.

राणी काय होता ते मला पहिल्या दिवशीच कळलं. तो दिवसभर गायचा, मान वरखाली करून माझ्यापुढं नाचायचा आणि स्वतःच्या पोटातले दाणे वर काढून मला चोचीनं भरवायचा. आमच्यात नर मादीला असं भरवतो. घरच्यांना मात्र उलटंच दिसायचं.

“बघ, बायकू नवऱ्याला कशी भरवती,” सुरज बायकोला म्हणायचा.

“व्हय की,” दैवशाला म्हणायची. “तिनं भरवायचं आन् ह्यानं फुगून बसायचं. घरोघर त्येच हाय.”

राणीला कुणी शिकवत नव्हतं. मादी बोलत नाही, मग तिच्यावर वेळ कोण घालवणार? अक्षदा माझ्याकडंच बघून ‘येळकोट’ म्हणायची आणि राणी शेजारच्या काडीवर बसून मान कलती करून ऐकायचा. एके दिवशी घरचे सगळे स्वयंपाकघरात असताना तो एकदम मोठ्यानं म्हणाला, “चला, पुढं सरका!” हुबेहूब सुरजचा आवाज; गाडीतल्या सवयीनं सुरज घरातही येताजाता हेच म्हणायचा. भांडी टाकून सगळे धावत आले.

“राजा बोलला! राजा बोलला!”

अक्षदा नाचली. मला कोथिंबिरीची आख्खी जुडी मिळाली. राणीकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही. मी ती जुडी खाल्ली, हे कबूल करते. निम्मी त्याला दिली, हेही सांगून ठेवते.

मग थंडी आली आणि सुरजनं कुंभाराकडून एक मडकं आणून पिंजऱ्यात बांधलं. राणीनं अंडी घालावीत म्हणून. मडक्याचं ते भोक दिसलं आणि मला माझ्या आईच्या अंगाची ऊब आठवली. मी आत शिरले. आतला भाग कुरतडून नीट केला, बूड टेकवून जागा गोल केली. दिवसाचा निम्मा वेळ मी आतच राहायला लागले आणि राणी भोकाशी बसून मला दाणे आणून द्यायचा. माझ्या पोटात अंडं वाढत होतं. आयुष्यात इतकी सुखात मी कधीच नव्हते.

बाहेर मात्र माझी बदनामी चालली होती.

“राणीला आत पायच टाकू देईना,” सुरज म्हणाला. “ती बिचारी बाहेर थंडीत, आन् ह्यो मडक्यात लोळतोय. दोन दिस येगळा ठिवतो, मग आक्कल यील.”

त्यानं मडक्यात हात घालून मला बाहेर काढलं. मी चावले, पण त्यानं सोडलं नाही. ज्या छोट्या पिंजऱ्यातून मी सोलापूरहून आले होते, त्यात मला टाकलं आणि तो पिंजरा मागच्या पडवीत खुंटीला अडकवला. आत मडकं नाही, आडोसा नाही, आणि खिडकीतून राणीच्या हाका ऐकू येत होत्या. सुरज वाईट माणूस नाही, मित्रांनो. त्याच्या मनात राणीबद्दल दयाच होती. पण ज्याला तो शिक्षा करत होता तो कोण आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

सकाळी अंडं यायची वेळ झाली आणि ते येईना. थंडीनं अंग आखडलं होतं. वर्षभर राळे आणि कोथिंबीर सोडून दुसरं काही खाल्लं नव्हतं, त्यामुळं अंड्याला कवच धरण्याइतका चुना माझ्या अंगात नव्हता. मी काडीवरून खाली उतरले. पिसं फुलवून तळाला बसले, शेपूट श्वासाबरोबर वरखाली हलायला लागली, आणि पायांतला जोर गेला. त्या सकाळी मी मरणार होते. हे मला स्पष्ट कळत होतं, आणि सांगायला माझ्याकडं शब्द नव्हता.

अक्षदा शाळेचं दप्तर घेऊन मागं आली आणि मला पाहून ओरडली. “पप्पा, राजा पडलाय!”

सुरजनं वाकून पाहिलं. “सोंग हाय त्याचं. रुसलाय.” पण त्याचा आवाज बारीक झाला होता.

“गारठलाय हो,” दैवशाला म्हणाली. “तुमाला सांगत व्हते, बाहेर ठिवू नका.”

शेळीची धार काढत बसलेल्या नागूबाईनं हात थांबवला. तिला मी दिसत नव्हते. पण श्वास घेताना माझ्या गळ्यातून बारीक कण्हल्यासारखा आवाज येत होता, तो तिनं ऐकला.

“त्ये पाखरू माज्या हातात द्या,” ती म्हणाली.

“आत्याबाई, चावतंय ते. तुमाला दिसायचं न्हाय,” दैवशाला सासूला म्हणाली.

“दे म्हनते न्हवं.”

तिचे हात खरखरीत होते आणि दुधानं कोमट झाले होते. त्या हातात मी चावले नाही. तिनं मला उताणं न करता, हळूच तळव्यावर घेतलं आणि अंगठा माझ्या पोटाखाली, शेपटीच्या मुळाशी नुसता टेकवला.

“आरं, ह्यो न्हाय ह्यो. ही हाय,” ती म्हणाली. “अंड्यावर आलीया. अडलीया बिचारी.”

“आई, नर हाय त्यो! दुकानदारानं नाक बघून दिलाय.”

“तुज्या नाकाला काय करायचंय? म्या प्वाट बघतीया. साठ वरीस मेंढरं विताना बघितली, मला कळत न्हाय व्हय? अक्षदे, चुलीवर पानी ठिव. सुरज, गाडी काढ आन् डाक्टरला घिऊन ये. दाबायचं न्हाय कुनी, वढायचं न्हाय. नुसती ऊब द्यायची.”

सुरज ड्युटीच्या कपड्यांतच मोटारसायकलवर निघाला. नागूबाई चुलीजवळ बसली. पातेल्यातून वाफ निघत होती. तिनं मला पदराच्या घडीत धरलं आणि वाफेच्या अलीकडे, हाताला सोसेल इतक्या उबेत धरून ठेवलं. आणि सगळा वेळ ती बोलत होती. हळू आवाजात, तेच ते, जसं ती अडलेल्या मेंढीशी बोलत आली असणार.

“घाबरू नगं, बाय. म्या हाय. घाबरू नगं, बाय. म्या हाय.”

वर्षभर मला जे शब्द शिकवले गेले, त्यातला एकही मला लागू नव्हता. हे शब्द मात्र माझे होते. मी डोळे मिटून ते ऐकत राहिले.

जनावरांच्या दवाखान्याचे सिद्धेश्वर डॉक्टर आले. म्हशींना सुया टोचणारा भला थोरला माणूस, पण त्यांनी माझ्या चोचीत औषधाचे दोन थेंब इतक्या नाजूकपणे सोडले की ते मला सहज गिळता आले. “आजी बरोबर बोलल्या,” ते म्हणाले. “कॅल्शियम दिलंय. ऊब चालू ठेवा. तासभर वाट बघू, नाहीतर सोलापूरला न्यावं लागेल.”

तो तास फार लांब होता. अक्षदा शाळेला गेली नाही. सुरज दारात उभा होता, आत येत नव्हता. शेवटी माझ्या अंगातून एक मोठी कळ गेली आणि नागूबाईच्या पदरात अंडं पडलं. कवच धड नव्हतं, कातड्यासारखं मऊ होतं. त्यातून पिल्लू निघणार नव्हतं. पण माझा श्वास मोकळा झाला.

नागूबाईनं ते अंडं बोटांनी चाचपलं. “गेलं. जाऊ दे. ही वाचली.”

मग डॉक्टरांनी सगळ्यांना माझं नाक दाखवलं. लहान असताना नाकपुड्यांभोवती पांढरी कडी असतात ती मादी, एकसारखं जांभळट गुलाबी असतं तो नर. पण पोरवयात घाईनं ठरवू नये. वयात आल्यावर नराचं नाक गडद निळं होतं आणि मादीचं बदामी, तपकिरी.

“तो भंडारा न्हाय व्हय मग?” दैवशालानं विचारलं.

“भंडारा पुसला की जातो, ताई.”

दैवशालानं स्वतःची बोटं पाहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “माफ कर गं बाई,” ती मला म्हणाली. “चावलीस ते चांगलं केलंस.”

“आन् राणी? तिचं तर गुलाबी हाय,” अक्षदा म्हणाली.

“पूर्ण पिवळा आणि डोळे लाल, ही वेगळी जात. हिच्यात नराचं नाक निळं होतच नाही, जन्मभर गुलाबीच राहतं. भलेभले फसतात. माझ्या मते तर तो...”

तेवढ्यात पुढच्या खोलीतून खणखणीत आवाज आला, “चला, पुढं सरका!” सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. मी इथं पदरात होते. खिडकीशी एकटा राणी होता.

अक्षदा सगळ्यांत आधी हसली, मग सगळे हसले. सुरज हसला नाही. तो आत आला, माझ्याजवळ खाली बसला आणि कितीतरी वेळ माझ्या डोक्यावरून एक बोट फिरवत राहिला. त्याच दुपारी त्यानं मडकं पुन्हा बांधलं, मला चुना मिळावा म्हणून समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्यात लावला आणि त्या छोट्या पिंजऱ्याच्या तारा कापून टाकल्या.

नावं बदलायची का, यावर घरात दोन दिवस खल झाला. “मी बारसं केलंय,” अक्षदा म्हणाली, “ती राजाच राहणार.” म्हणून मी राजा आहे.

पुढच्या खेपेला मला दोन पिल्लं झाली. अक्षदानं चार महिने त्यांना नाव ठेवलं नाही. रोज नाकं बघायची आणि वहीत लिहायची. शेजारच्या पोरी विचारायच्या, बारसं कधी? ती म्हणायची, “अजून त्यांनी सांगितलं न्हाय.” दोन्ही पिल्लं पुढं ईट गावी तिच्या मामाकडं गेली, नीट ओळख पटवून. मी अंड्यावर बसले की नागूबाई स्टूल ओढून पिंजऱ्याशी येऊन बसायची आणि तेच म्हणायची, “घाबरू नगं, बाय. म्या हाय.” आम्ही दोघी आता अनोळखी नव्हतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं पाखरू असेल. त्याचं नाक बघा, जरूर बघा, पण सवडीनं बघा आणि पुन्हा पुन्हा बघा. आमचा रंग बदलतो, आम्ही मोठे होतो. आम्ही कोण आहोत हे तुम्ही एकदा ठरवून टाकलंत, की मग आमच्या भरवण्याचा आणि आमच्या चावण्याचाही तुम्ही भलताच अर्थ लावता. आणि शब्द शिकवायचे असतील, तर ते दोन्ही काड्यांवरच्या पाखरांना शिकवा. कोण उचलेल ते शिकवणाऱ्याला आधी कळत नसतं.

एक सांगायचं राहिलं. गेल्या हिवाळ्यात नागूबाईला अजिबात दिसेनासं झालं, तेव्हा कुठं ती ऑपरेशनला तयार झाली. एका डोळ्याचं झालं. घरी आली ती डोळ्यावर पट्टी बांधूनच, आणि इतकी भ्यालेली मी तिला कधी पाहिली नव्हती. “दिसलंच न्हाय तर?” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. सुरजनं समजावलं, दैवशालानं समजावलं. तिचे हात काही पदराचं टोक पिळायचे थांबेनात. आणि तेव्हा राणीनं मान कलती केली. ज्याला कधी कुणी काही शिकवलं नाही, तो माझा म्हातारा नवरा, तिच्याच आवाजात, तिच्याच ठेक्यात म्हणाला,

“घाबरू नगं, बाय. म्या हाय.”

नागूबाई आधी दचकली. मग पट्टीखालून रडली आणि रडता रडता हसली. तिचे हात थांबले.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. काळा चष्मा लावून ती भिंतीला धरत धरत पिंजऱ्यापाशी आली. चष्मा वर केला, तोंड जाळीला लावलं. सहा वर्षं तिनं मला हातानं ओळखलं होतं, डोळ्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. माझं हिरवं अंग, माझं तपकिरी नाक ती कितीतरी वेळ बघत राहिली.

“अगं राजा,” ती म्हणाली, “लई देखणी हायेस गं तू.”